कोऱ्या कापडातून गाळलेलं पाणी

आई, तुम्हाला शेवटची आंघोळ मीच घातली. तुम्हाला ते रुचलं नसेल, पण इलाज नव्हता. अख्ख्या राजूरच्या खाणीत आपली, यहुदी इस्राएलाची दुसरी बाई नाही, आणि नागपूरहून कुणाला बोलवावं तर ह्या उन्हात तुम्हाला तोवर ठेवता आलं नसतं. शेजारच्या शांताबाईने पाण्याच्या घागरी दारापर्यंत आणून ठेवल्या आणि मी आतून कडी लावली. तुमची मान, काख, पोट, पाय, सगळं ह्या हातांनी धुतलं. ज्या हातांना तुम्ही सहा वर्षं पेसाहच्या सणाचं एक पातेलंसुद्धा शिवू दिलं नाहीत, त्याच हातांनी. धुताना रडू यायला हवं होतं. ते आलं नाही. किळस आली. मेलेल्या अंगाची नव्हे. कंपाउंडरची बायको आहे मी, असल्या गोष्टींना कधीच सरावले. आपण दोघींनी ह्या घरात सहा वर्षं जे काही केलं, त्याची किळस आली.

सात दिवस काल संपले. प्रार्थनेला दहा पुरुष इथे कुठून मिळणार? तुमच्या सामूने एकट्याने जेवढं म्हणता येतं तेवढं म्हटलं. भेटायला येणाऱ्या बायका तुमचं कौतुक करून दमल्या. म्हातारी देवमाणूस होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात, दुखण्याखुपण्याला पहिली धावून यायची. मी मान डोलावत राहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. आता घर रिकामं आहे. पेसाह चार दिवसांवर आला आहे. तुमची पेसाहच्या भांड्यांची पत्र्याची पेटी माझ्यासमोर आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे. ती उघडायच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यायला हवं. तुम्ही होतात तेव्हा बोलायची माझी छाती झाली नाही. छाती कसली, मनच झालं नाही, हे जास्त खरं.

छप्पन साली सामूला इथल्या खाणीच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि तुम्ही अलिबागकडची नारळाची सावली सोडून ह्या कोळशाच्या धुरळ्यात आलात. मी दीड वर्षाने आले, मुंबईहून, लग्न होऊन. इथल्या लोकांना आपण म्हणजे एक नवलच होतो. नऊवारी नेसणारी, मराठी बोलणारी म्हातारी, पण देवळात जात नाही, शनिवारी चूल पेटवत नाही, आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणते आणि मुसलमानही नाही. शांताबाईने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तुमी कोन लोक वो बाई? मायं तं डोस्कंच चालत नाई." तिचा नवरा खाणीत उतरायचा. त्याच छप्पनच्या दसऱ्याला दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती आणि घरातले सगळे देव तिने टोपलीत भरून नाल्यात सोडून दिले होते. तुम्हाला ते फार आवडलं होतं. "मूर्ती सोडल्यास, बरं केलंस गो," म्हणालात आणि तिच्या ओट्यावर बसून तिच्या हातचा चहा घेतलात. हे माझ्या लग्नाआधीचं, पण शांताबाईने मला इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं.

तिच्या हातचा चहा तुम्हाला चालायचा. माझ्या हातचं तुम्ही रोज जेवत होतात. मग पेसाहच्या भांड्यांनाच काय झालं होतं? तर माझ्या आजोबांनी कुणब्याच्या मुलीशी लग्न केलं होतं, म्हणून आम्ही काळे इस्राएल आणि तुम्ही गोरे. रंगाचा काही संबंध नाही. मी तुमच्याहून चांगली उजळ आहे आणि ते तुम्हाला खुपतही होतं. आपल्या लोकांत पूर्वी काळ्यांना पंगतीत शेवटी बसवत, सणाच्या भांड्यांना हात लावू देत नसत. मुंबईत हे आता कुणी तोंडावर बोलत नाही. तुम्ही बोललात. लग्नाला होकार देताना सामूला एकच अट घातलीत: घर तिचं, पेटी माझी. त्याने ती कबूल केली आणि मला सांगितली लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, आगगाडीत, वर्धा मागे पडल्यावर, म्हणजे मला उतरून परत जाता येईना तेव्हा. तुमच्या मुलावर माझा जीव आहे, पण त्याचा त्या वेळचा ओशाळा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तयारी मात्र तुमचीच पाहावी. होळी झाली की तुम्ही सगळं घर उकरायला काढायचात. गादीच्या शिवणी, सामूच्या कोटाचे खिसे, रॉकेलच्या डब्यामागचा कोपरा. पेसाहचे आठ दिवस घरात खमीर, म्हणजे आंबलेलं पीठ, असता कामा नये: पावाचा कण नको, बिस्किटाचा चुरा नको, शेवयांचा तुकडा नको. भिंतींना चुना लावायचा, आणि दोन दिवसांत त्यावर कोळशाची पूड बसायची. "कोळसा खमीर नव्हे," तुम्ही म्हणायचात, "बसू दे." वणीचा कल्हईवाला अंगणात भाता मांडायचा. जात्याला टाकी लावून घ्यायची, जुनं पीठ खाचेत राहू नये म्हणून. उकळत्या पाण्याच्या हंड्यात लाल तापलेला धोंडा सोडून पाणी काठावरून ओतू जाऊ द्यायचं, म्हणजे काठही खमिरातून सुटला. गहू एकेक दाणा निवडायचा. ओल लागलेला, फुगलेला एकही नको. मुंबईत आम्ही सणाची बेखमीर भाकर मशिदीतून तयार आणायचो. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकर भाजून झाली पाहिजे, नाहीतर तेही खमीर, हे मी नुसतं वाचलं होतं. तुमच्या चुलीपुढे ते पहिल्यांदा पाहिलं. सामू हातात घड्याळ घेऊन उभा, "अकरा झाली, आई," "चौदा झाली," आणि तुम्ही घामाने निथळत लाटताय, उलटताय, काढताय. देखणं होतं ते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहायची.

मळायचं पाणीही साधं चालत नाही. आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर घरात मुरलेलं हवं, म्हणजे ते गार असतं आणि पीठ फुगायला लागत नाही. ते तुम्ही स्वतः विहिरीवरून आणायचात आणि कोऱ्या मांजरपाटातून गाळायचात. वापरलेल्या फडक्यात कुठेतरी पिठाचा कण अडकलेला असणार, म्हणून दर वर्षी नवं कापड, पाणी न लागलेलं, घडी न मोडलेलं. कोरं म्हणजे शुद्ध, ह्यात तुम्हाला कधी शंका आली नाही. कशी येणार? आजूबाजूला सगळ्यांनाच तसं वाटतं. तुमचा जन्म त्यात गेला.

माझे बाबा मुंबईला कापडाच्या गिरणीत सायझिंगला होते. सूत मागावर चढवायच्या आधी त्याला खळ पाजतात, ते खातं. खळ कशाची, तर गव्हाच्या पिठाची. पीठ हौदात पाण्यात कालवून दिवसेंदिवस आंबत ठेवायचं, बुडबुडे यायला लागले की त्यात चरबी ढकलायची, शिजवायचं, आणि सूत त्यातून काढायचं. संध्याकाळी आमच्या खोलीत आधी वास यायचा, मग बाबा. आंबलेल्या पिठाचा आणि खवट चरबीचा वास, त्यांच्या केसांतून, नखांतून, ताटात वाढलेल्या भातातून. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसत नसे. कोरं कापड भिजलं की मला अजून ओकारी येते, मी खोलीतून उठून जाते.

पहिल्या वर्षी तुम्ही घागरीच्या तोंडाला ते मांजरपाट बांधलंत, वरून पाणी ओतलंत, आणि तोच वास माझ्या नाकात शिरला. खाली पाणी पडत होतं ते दुधट. "इथलं पाणी चुनखडीचं," तुम्ही स्वतःशीच म्हणालात. आई, ती चुनखडी नव्हती. आठ आठ दिवस आंबवलेलं गव्हाचं पीठ होतं ते, वर कुठल्या जनावराची कोण जाणे चरबी, आणि तुम्ही ते डोळ्यांत तेल घालून पेसाहच्या भाकरीच्या पाण्यात सोडत होतात. मी सांगायला पुढे झाले. खरंच झाले. "आई, ते कापड" एवढे शब्द तोंडातून निघालेही होते. तेवढ्यात घागर कलतेय असं वाटून मी हात पुढे केला.

"शिवू नकोस गो!" तुम्ही ओरडलात. "लांब हो. सामूने सांगितलं नाही तुला?"

मी लांब झाले. तुम्हालाही जरा जास्त झाल्यासारखं वाटलं असावं. हात पुसत म्हणालात, "काय म्हणत होतीस कापडाचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चांगलं घट्ट आहे म्हटलं."

दुसऱ्या संध्याकाळी सणाच्या पाटावर सगळं मांडलं होतं. खजुराचा रस, कडू भाजी, भाजलेलं हाड, आणि पांढऱ्या रुमालाखाली तुमच्या तीन भाकरी. सामू आपल्या पूर्वजांच्या मिसरातल्या गुलामीची आणि सुटकेची गोष्ट वाचत होता. तुम्ही भाकर मोडलीत, बेराखाची प्रार्थना म्हटलीत आणि डोळे मिटून पहिला घास खाल्लात. मी तुमच्या जबड्याकडे पाहत होते. मला आपल्या जिभेवर बाबांच्या गिरणीची चव लागत होती आणि तरी मी खात होते, एकेक तुकडा, तुमच्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी शांताबाईने मला विहिरीवर गाठलं. "दीनाबाई, तुमी आजीच्या भांड्याले हात काहून नाई लावत? म्या पाह्यलं काल. बाहीर उभ्या होत्या."

मी तिला काळं-गोरं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही, दोर हातात तसाच धरून उभी राहिली. "म्हंजे तुमच्यातबी हाय हे," ती म्हणाली. "आमाले वाटे आमच्याच नशिबी हाय. मंग सोडून कायले नाई देत? आमी तं देल्लं सोडून."

"आमच्या धर्मात नाही हे असं," मी म्हटलं. "नियम सगळे खमिराचे आहेत. माणसाने शिवण्याचा त्यात काही संबंध नाही. हे आईंनी आपलं जोडलंय."

"पुस्तकात नाई तं मंग सांगा ना तिले. एवढी शिकेल बाई तुमी."

सांगा ना! तिला वाटलं सांगायची एकच गोष्ट आहे.

मुलीच्या, रिबकाच्या वेळी मी जवळजवळ गेलेच होते. बाळंतपणानंतर ताप उतरेना, अंगातून घाण जाईना. वीस दिवस तुम्ही माझ्या उशाशी होतात. रक्तापुवाचे कपडे तुम्ही तुमच्या हातांनी धुतलेत. शांताबाई म्हणाली, "आजी, मी धुतो ना," तर तिला बाजूला सारून म्हणालात, "माझ्या सुनेचं हाय, मी धुणार." नाकाला पदरसुद्धा लावला नाहीत. मी खाटेवरून बघत होते. ही बाई माझी घाण हातांनी धुते, आणि माझा धुतलेला हात हिच्या पातेल्याला लागला तर पातेलं बाटतं! ह्याचा मेळ मला तेव्हा लागला नाही, आजही लागत नाही. पण तेव्हा मी ठरवलं होतं की आता सांगायचं. ह्या बाईच्या पोटात आपण पुन्हा ते जाऊ द्यायचं नाही. आणि तुम्हाला सांगते, त्या वर्षी मी सणाच्या आधी तीन दिवस वाक्यं जुळवत होते. मग तुम्ही पेटी उघडायला बसलात, माझ्याकडे न बघता म्हणालात, "पोरीला घे आणि ओट्यावर बस," आणि जुळवलेलं सगळं जागच्या जागी विरलं.

आपला जाहीर वाद एकच होता, ज्वारीचा. इथे गहू महाग, तांदूळ भिकार. मी म्हणायची, सणाचे आठ दिवस ज्वारीची भाकर खाऊ या, पुस्तकात खमिराची पाच धान्यं सांगितली आहेत त्यांत ज्वारी नाही. तुम्ही म्हणायचात, "लिहिणाऱ्याने ज्वारी पाहिली होती काय?" मी म्हणायची, मग तांदूळ तरी पाहिला होता का? "तांदूळ माझ्या आईने खाल्ला," तुम्ही म्हणायचात. सामू पोट धरून हसायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, सासूसुनेचं काय जमतं! जमतच होतं. तेही खोटं नव्हतं.

तिसऱ्या वर्षापासून तुमचे गुडघे धरले आणि कापड आणायला तुम्ही मला वणीच्या बाजारात पाठवायला लागलात. कापडाला माझा हात चालायचा, कारण बाजारातून ते दहा हातांतून येणारच. आणि मी काय करायची सांगू? ठाणामागून ठाण चाचपून सगळ्यात कडक, सगळ्यात जास्त खळ पाजलेलं निवडायची. दुकानदार म्हणायचा, "बाई, हे धुतलं का निरी चिंधी होते, दुसरं घ्या." मी म्हणायची, हेच द्या. बसमध्ये मांडीवर ते पुडकं घेऊन बसले की मला एक गोड गुदगुली व्हायची. पहिल्या वर्षी तो राग होता. राग समजू शकतो. पण तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी मला त्याची मजा येत होती, आणि हे सांगताना स्वतःच्या हातांचा वास घेऊ नये असं वाटतं. मशिदीतला एखादा शहाणा हाजान म्हणेलही की घागरभर पाण्यात एवढ्याशा खळीने काही बिघडत नाही. असेल. पण कोटाचा खिसा उलटा करून झटकणाऱ्या तुम्ही ते मानलं नसतंत, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

मग गेल्या वर्षीचं ते. पेटीतलं मोठं तांब्याचं पातेलं कल्हई करून अंगणात उपडं घातलं होतं. चार वर्षांची रिबका गेली आणि दोन्ही हातांनी त्यावर ढोल वाजवायला लागली. किती खूश होती! तुम्ही तिला रागावला नाहीत. तिला अलगद उचलून बाजूला ठेवलंत, पातेलं पोत्यात गुंडाळलंत आणि सामूला म्हणालात, उद्याच्या बसने हे वणीला ने आणि पुन्हा कल्हई करून आण.

मी रिबकाचे पंजे धरून तुमच्या पुढे केले. "धुतलेले आहेत. बघा. कुठे आहे खमीर?"

"खमिराचं नाही गो."

"मग कशाचं?"

तुम्ही पोत्याची गाठ आवळलीत.

"तुमच्या सामूची मुलगी आहे ती, आई."

"तुझीही हाय," तुम्ही म्हणालात. हळूच म्हणालात, वाईट वाटून. ओरडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

मग मी ओरडले. चार दिवसांनी पाटावर बसून गुलामांच्या सुटकेची गोष्ट कुठल्या तोंडाने वाचता म्हणाले. शांताबाईने देव सोडले त्याचं कौतुक करता, आणि तिने टाकून दिलेली शिवाशिव उचलून घरात आणता म्हणाले. शांताबाई दारात आली, सगळं ऐकलं, रिबकाला कडेवर घेतलं. "चाल व माय, आपल्या घरी. आमच्या भांड्याले कोनीबी हात लावते," असं म्हणून निघून गेली. सामू घड्याळाला किल्ली देत बसला. आणि मला ते तोंडाशी आलं होतं. तुमची भाकर, तुमचं पाणी, तुमचं कोरं कापड, सगळं एका वाक्यात तुमच्या तोंडावर फेकता आलं असतं. मी ते गिळलं.

का गिळलं? तुमची दया आली म्हणून? छे. मी सांगितलं असतं तर तुम्ही आठ दिवस रडला असतात, उपास केला असतात, आणि पुढच्या वर्षी कापड धुऊन घेऊन पुन्हा शुद्ध झाला असतात. मला तुम्ही शुद्ध व्हायला नको होतात. माझ्या मुलीचे हात तुम्हाला घाण वाटतात ना, मग खा, म्हटलं, आणखी एक वर्ष खा. तीन दिवसांनी तुम्ही पाणी गाळलंत आणि मी उंबऱ्याबाहेर रिबकाला मांडीवर घेऊन पाहत बसले. ती आता माझ्याबरोबर उंबऱ्याबाहेर होती.

माघात तुमची उजवी बाजू गेली. तेव्हापासून भरवणं, पुसणं, कूस बदलणं माझ्याकडे. तुमची लाळ माझ्या मनगटावर ओघळायची. तुम्ही कधी म्हणाला नाहीत की शिवू नकोस. म्हणाला असतात तर बरं, इतका राग मला तुमच्या मुकाट घास घेण्याचा यायचा.

जायच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सामू दवाखान्यात होता, तुम्ही मला जवळ बोलावलंत. जीभ जड होती, पण शब्द कळत होते.

"दीना, तू वाचतेस. पेसाहात खमीर खाल्लं तर माणूस आपल्या लोकांतून तुटतो ना गो?"

"असं लिहिलंय," मी म्हटलं.

"आणि न कळत खाल्लं तर?"

"तर नाही. जाणूनबुजून खाल्लं तर तुटतो."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. "तू बघत होतीस," मग म्हणालात. "उंबऱ्यातून सगळं बघत होतीस, दर वर्षी. मला कळत होतं. तुझी नजर बारीक हाय, माझी नव्हती. म्हणून तुला विचारते. माझ्या हातून कधी गेलं का?"

म्हणजे सहा वर्षं तुम्हाला माझी पाठीवरची नजर जाणवत होती. आणि तिच्यात तुम्हाला वैर दिसलं नाही. तुम्ही समजत होतात, मी पहारा करतेय. तुमचं काही चुकलं तर मी सांगेन, अशा भरवशावर तुम्ही गाळत होतात, मळत होतात.

"नाही, आई," मी म्हटलं. "कणभरही नाही."

तुमचा चेहरा असा सैल पडला की मला बघवेना. डाव्या हाताने उशीखाली चाचपून तुम्ही किल्ली काढलीत. "यंदा तू मळ," म्हणालात. "पाणी नव्या कापडातून गाळ, जुन्यातून नको. पुढे रिबकाला दे." आणि माझे दोन्ही हात तुमच्या त्या एका हातात घेऊन ओठांना लावलेत, सणाला आपण एकमेकींचे हात घेऊन लावतो तसे. माझे हात! त्याच क्षणी ते सोडवून घ्यावेत आणि बाहेर जाऊन ओकावं असं मला झालं. मी सोडवले नाहीत. तुम्ही झोप लागेपर्यंत धरून होतात.

काल शांताबाई ओट्यावर येऊन बसली. "आता तं पेटी तुमचीच, दीनाबाई," म्हणाली. "पोरीले शिवू द्याल ना?"

"देईन," मी म्हटलं. रिबका परात धरील, सामू मिनिटं मोजेल, शांताबाईला यायचं असेल तर तीही घरात येऊन बसेल. मांजरपाट आणलंय. सोड्यात उकळून, तीन पाण्यांतून काढून, उन्हात टाकलंय, आणि खळ गेल्यावर ते दुकानदार म्हणायचा तसं अगदी चिंधी झालंय. भाकर चांगली होईल. ती मला खाता येईल की नाही, माहीत नाही.

त्या दुपारी मी खोटं बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? पण आता तुम्हाला त्याने काही होणार नाही, म्हणून तुम्ही विचारलेल्याचं खरं उत्तर देते. गेलं होतं, आई. दर वर्षी गेलं होतं. तुम्हाला कळत नव्हतं, तेव्हा तुम्ही कुणातून तुटला नाहीत. सुखाने पडून राहा. मला कळत होतं. आणि मी तुमच्या शेजारी बसून तेच खात होते.